ड्रम उघडला की हवा मारायची का? (ब्रेक-क्लचची धूळ आणि गॅरेजातली पोरं)

बारा-तेराचा पाना (कराड)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गॅरेज हायवेला लागून. वडिलांनी १९८६ साली टाकलं, तेव्हा फक्त ट्रकचे ब्रेक आणि क्लच. आता मी बघतो. पिकअप, छोटा हत्ती, जुन्या जीपा, उसाच्या ट्रॉल्या, आणि कोपऱ्यात दुचाकी. हाताखाली चार पोरं.

परवा सकाळची गोष्ट. नऊच्या सुमाराला आमच्या शटरमधून ऊन तिरपं आत येतं. धाकट्या पोरानं (वय १९) पिकअपचा मागचा ड्रम (चाकाचा ब्रेक झाकणारा लोखंडी डबा) हातोडीनं ठोकून काढला, उलटा करून फरशीवर आपटला आणि आतल्या शूवर (ड्रमला दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी) हवेची गन धरली. रोजचंच काम, हजार वेळा मीही केलंय. पण त्या उन्हाच्या पट्ट्यात पहिल्यांदा बघितलं की ती धूळ जाते कुठे. कुठेच जात नाही! पोराच्या तोंडापुढे तरंगत राहिली, मग पंख्यानं फिरवली, मग चहावाल्याच्या ग्लासांवर. दहा मिनिटांनी बघितलं तरी उन्हात कण हलतच होते.

आता खरं कारण सांगतो. वडील ७१ वर्षांचे आहेत. पंचवीसेक वर्षं त्यांनी हातानं लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे पट्टे, बसवले. जुनी रिबिटं तोडायची, नव्या पट्ट्याला ड्रिल मारायचं, कडा कानशीनं नाहीतर ग्राइंडरवर उतरवायच्या. संध्याकाळी घरी यायचे ते भुवया राखाडी करून. आता जिना चढला की धाप लागते. विडी ओढायचे, म्हणून घरात आजवर सगळा दोष विडीलाच. गेल्या महिन्यात नवीन डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काम काय करायचात?" आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं नाव काढलं (छपराच्या पत्र्यात असतं ते तंतूंचं खनिज, लायनरमध्येही घालायचे). तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं असं, की हल्लीच्या लायनरमध्ये ते असतं का? पोरांना मास्क दिला की भागलं का? आणि लाखभराचं मशीन न घेता आमच्यासारख्यानं करायचं काय?

खडूस काका

चाळीस वर्षं हेच केलं. तोंडानं फुंकर मारून ड्रम साफ केलेत. टुणटुणीत आहे. हल्ली कशालाही घाबरायची फॅशन आलीय.

चाकणचा सेफ्टीवाला

काका, तुम्ही टुणटुणीत आहात याचा आनंदच आहे, पण जे टुणटुणीत नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येत नाहीत, एवढं ध्यानात घ्या.

पानासाहेब, धागा चांगला काढलात. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून अठरा वर्षं काम करतोय. जमेल तसं लिहितो.

पूर्वी लायनरमध्ये पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, वजनाच्या निम्म्यापर्यंत असायचा. उष्णता सोसतो, लवकर झिजत नाही, स्वस्त. ब्रेकला याहून काय हवं! हल्ली नव्या गाड्यांत कंपनीकडून येणारे पॅड आणि शू बहुतेक बिन-अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. पण भारतात अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला बंदी नाही. इथल्या खाणींचे परवाने थांबवले. माल मात्र रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून येतो, वर्षाला तीन लाख टनांच्या वर. त्यातला बहुतेक छपराच्या पत्र्यांत जातो. पण बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या लायनरमध्ये काय आहे, हे डोळ्यांनी बघून कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो.

म्हणून नियम एकच धरा: ड्रम उघडला की आत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच समजायचं. ओळखत बसायचं नाही.

आणि एक दुरुस्ती. उन्हात तुम्हाला दिसले ते मोठे कण. फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात ते तंतू उन्हातही दिसत नाहीत. वास नाही, खवखव नाही, शिंक नाही. थोड्या वेळाने उन्हाचा पट्टा स्वच्छ दिसला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नव्हे.

आता काय करायचं नाही ते आधी, कारण त्याला पैसे पडत नाहीत:

हवा मारायची नाही. आठ किलो दाबाची हवा मारली की ड्रममधली चमचाभर धूळ अख्ख्या गॅरेजची होते. अमेरिकेत ब्रेक-क्लचच्या कामात कॉम्प्रेसरची हवा अशी वापरायला नियमानेच मनाई आहे. कोरडा ब्रश नाही, कोरडा झाडू नाही, ड्रम फरशीवर आपटणं नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, तो पुढून ओढतो आणि बारीक तेवढं मागून सोडतो.

करायचं काय ते उद्या लिहितो, आता शिफ्ट आहे.

सुटे भाग सांगली

दुकानदाराची बाजू सांगतो. गिऱ्हाईक येतं ते दोनच वाक्यं बोलतं: "कंपनीचा दे" किंवा "स्वस्तातला दे". अकरा वर्षांत 'नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस' असं मागणारे मोजून तीन भेटले, त्यातला एक तर तुमच्यासारखाच डॉक्टरकडून आलेला.

नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यावर तसं छापलेलं असतं. बिननावाच्या पिशवीतल्या पट्ट्यावर काहीच नसतं, आणि छापलेलं असलं तरी छापायला काय, शाई लागते. जुने ट्रकवाले उलट म्हणतात की जुना लायनर 'कडक पकडायचा', तसला दे. काही जण घाटात गाडी चालवतात, त्यांच्याशी वाद कोण घालणार. मी आता सुटा पट्टा ठेवणं बंदच केलंय. लायनर चिकटवलेला तयार शूच देतो. रिबिटं मारणारी माणसंही राहिली नाहीत म्हणा.

चाकणचा सेफ्टीवाला

सांगलीकरांनी लाखाचं सांगितलं, बहुतेकांच्या नजरेतून सुटेल म्हणून पुन्हा लिहितो. तयार शू घ्या. कारखान्यात घासून, भोकं पाडून आलेला, बसवला की झालं. नव्या पट्ट्याला ड्रिल मारणं, कानस लावणं, ग्राइंडरवर धरणं यात सगळ्यात जास्त तंतू उडतात, ड्रममधल्या जुन्या काळ्या धुळीपेक्षाही जास्त. वडिलांनी केलं ते नेमकं हेच काम होतं.

आता ओल्या कामाची पद्धत. अमेरिकेच्या ओशाने (तिथलं कामगार-सुरक्षेचं सरकारी खातं) चार रस्ते मान्य केलेत. एक, चाकाभोवती हातमोजे बसवलेली बंद पेटी आणि तिला हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा) व्हॅक्यूम. दोन, कमी दाबाच्या पाण्याने धुणं. तीन, सॉल्व्हंटचा स्प्रे. चौथा, ओल्या फडक्याने पुसणं. हा फक्त ज्या गॅरेजात आठवड्याला पाचपेक्षा जास्त ब्रेकच्या जोड्या किंवा पाचपेक्षा जास्त क्लच होत नाहीत त्यांच्यासाठी. तुमचं काम त्याहून जास्त दिसतंय, म्हणून दुसरा रस्ता धरा.

त्याची देशी आवृत्ती अशी. कुंडीतल्या झाडांना पाणी मारायचा दोन लिटरचा हातपंप. त्यात पाणी आणि थोडा शाम्पू किंवा भांड्यांचा साबण. साबण का, तर नुसतं पाणी धुळीवर थेंब होऊन घरंगळतं, आत मुरत नाही. पावसाचा पहिला थेंब धुळीवर गोळी होऊन पळतो तसं. चाकाखाली घमेलं. ड्रम काढायच्या आधी फटीतून आणि अ‍ॅडजस्टरच्या भोकातून धुकं सोडायचं. मग ड्रम सावकाश काढायचा, आतून ओला करायचा. मागची प्लेट, शू, स्प्रिंगा वरून खाली पुसत यायचं. फडकं पुन्हा कोरडं करून वापरायचं नाही, ओलं असतानाच पिशवीत, तोंड बांधून. घमेल्यातला गाळ मागच्या मोकळ्या जागेत ओतायचा नाही, वाळला की परत धूळच. जोरात पाण्याचा पाइप किंवा वॉशिंगचा प्रेशर पंप मारणंही चूक, तो हवेसारखाच उडवतो.

क्लचला जास्त जपा. गाडीखाली उताणं झोपून गिअरबॉक्स उतरवताना बेल हाउसिंगमधली (क्लचवरच्या कवचातली) धूळ थेट तोंडावर येते. तपासणीच्या झाकणातून आधी धुकं सोडा, मग बोल्ट ढिले करा.

मास्क: रुमाल, कापडी, सर्जिकल यांचा उपयोग शून्य. एन-९५ सुद्धा अ‍ॅस्बेस्टॉसला ओशा मान्य करत नाही. लागतो तो नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क आणि पी-१०० दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर, आणि दाढी केलेली हवी, नाहीतर बाजूने हवा शिरते. पण मास्क शेवटी. हवा मारत राहायची आणि मास्क द्यायचा, म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

गिअरलेस

माझी पिटुकली दुचाकी आहे हो, तिच्यातही हे असतं का? 🙂

बारा-तेराचा पाना

ह्याचं उत्तर मीच देतो. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला, तिथे धूळ नाही. मागचा ड्रम ब्रेक मात्र आहे. आणि गिअरलेस स्कूटरचा डावीकडचा लांब कव्हर उघडलात तर आत कोरडा क्लच. बेल्ट झिजून पडलेला काळा भुगा आणि क्लचच्या शूंची धूळ मिळून कव्हरमध्ये थर बसलेला असतो. तिथे पोरं हटकून हवा मारतात, कारण ते कव्हर हवेनं दोन सेकंदांत चकचकीत होतं.

आकडेमोड

थोडं पाणी ओततो, रागावू नका. मेकॅनिकांवर जगभर जे अभ्यास झालेत त्यांपैकी बऱ्याच अभ्यासांत मेसोथेलिओमाचं (या तंतूंमुळे होणाऱ्या कर्करोगाचं) प्रमाण इतर लोकांपेक्षा वाढलेलं आढळलेलं नाही. कारणही दिलं जातं. ब्रेक लावताना घासल्या जाणाऱ्या थराचं तापमान इतकं चढतं, की क्रिसोटाइलचं मोडून फोर्स्टेराइट नावाचं साधं खनिज होतं. ड्रममधल्या धुळीत शिल्लक अ‍ॅस्बेस्टॉस अनेकदा एका टक्क्याच्या आत निघालंय. मग आपण उगाच बाऊ करतोय का?

श्वासोच्छ्वास (छातीचा डॉक्टर, नाशिक)

प्रश्न रास्त आहे, आणि तुम्ही म्हणता तसे अभ्यास आहेत. फोर्स्टेराइटचंही खरं. फक्त तीन गोष्टी जोडतो.

त्यांतल्या कित्येक अभ्यासांना पैसा ब्रेक आणि मोटार कंपन्यांकडून, त्यांच्यावरच्या खटल्यांच्या काळात आलेला आहे. एवढ्यावरून अभ्यास खोटे ठरत नाहीत, पण त्यावर अजून भांडण चालू आहे. दुसरं, ते अभ्यास मुख्यतः अमेरिका, कॅनडा, युरोपातले. तिथला मेकॅनिक बहुधा तयार शू बसवतो. पट्टा ड्रिल करून ग्राइंडरवर मारणारा आपला माणूस त्या आकड्यांत कुठे आहे? नव्या पट्ट्यातला अ‍ॅस्बेस्टॉस तापलेला नसतो, तो आहे तसाच उडतो. तिसरं, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना, पांढऱ्यालासुद्धा, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरते.

एकेका मेकॅनिकची जोखीम अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या कारखान्यातल्या किंवा जहाजतोडणीच्या कामगारापेक्षा बरीच कमी, हे मी माझ्या रुग्णांना स्पष्ट सांगतो. पण टाळायला लागतं काय, तर साबणाचं पाणी.

पाना, तुमच्या वडिलांबद्दल. इथून निदान करणार नाही, करूही नये. पण कोणत्या दिशेने तपासतात ते सांगतो. अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणजे तंतूंमुळे फुफ्फुस आतून राठ होत जाणं. बहुधा जास्त आणि बरीच वर्षं धूळ घेतलेल्यांना, आणि सुरुवातीपासून दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतं. स्टेथोस्कोप पाठीला तळाशी लावला की श्वास आत घेताना वेल्क्रो सोलल्यासारखा बारीक आवाज येतो. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, त्याला वीस ते पन्नास वर्षंही लागतात. म्हणून "मला तर काहीच झालं नाही" याला चाळीशीत अर्थ नसतो. साधा एक्स-रे चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही, सुरुवातीचा अ‍ॅस्बेस्टोसिस त्यात निसटू शकतो. छातीचा एचआरसीटी (जास्त बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुंकर मारायची श्वासाची चाचणी करून घ्या.

विडीचं विचारलंत. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाची जोखीम नुसत्या बेरजेने नाही, जवळजवळ गुणाकाराने वाढते. एकोणीस वर्षांच्या पोराची सिगारेट सोडवलीत, तर मास्कपेक्षा मोठं काम कराल.

आणि एक कळकळीची विनंती. केसपेपरवर व्यवसाय लिहून घ्या. 'नोकरी' नव्हे, 'ट्रक ब्रेक लायनर, २५ वर्षं' असं. आपल्याकडे खोकला आणि एक्स-रेवर डाग दिसला की टीबीचं औषध सुरू होतं, आणि चार-सहा महिने त्यातच जातात.

सुमती इचलकरंजी

मी गॅरेजवाली नाही. पण सासरे आणि नवरा दोघं क्लचप्लेटवर पट्टे बसवायचं काम करत होते. लग्नानंतर पंधरा वर्षं दोघांचे कपडे मीच धुतले. दारातच झटकायचे, मग भिजवायचे. आधी झटकायचे कारण नाहीतर बादलीचं पाणी काळं व्हायचं. हे वाचताना हात थांबले. घरातल्या बाईला काही होतं का?

श्वासोच्छ्वास

ताई, घाबरवायचं नाही, पण विचारलंत म्हणून खरं सांगतो. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत, पण ती बहुतांशी कारखाने आणि गोद्यांतल्या, खूप धूळ लागणाऱ्या कामगारांच्या घरची. तुमच्यावर ती वेळ येईलच असं अजिबात नाही, शक्यता कमीच आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे एकदा सांगून ठेवा. पुढे कधी धाप लागली किंवा छातीत पाणी झालं, तर त्यांना ही माहिती हाताशी हवी. नवरा अजून कामावर असेल तर कपडे गॅरेजातच बदलायचे, न झटकता ओले करून पिशवीत आणायचे, आणि वेगळे धुवायचे.

सुमती इचलकरंजी

नवऱ्याने काम सोडलं, आता रिक्षा चालवतात. सासरे गेले. टीबीच म्हणाले होते.

खडूस काका

ताई, वाईट वाटलं. माझा वरचा प्रतिसाद जरा उर्मटच झाला.

यारा नदीकाठचा (मेलबर्न)

इथे गॅरेजात गाडी उचलायच्या हॉइस्टखाली तीन वर्षं काढली, म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे. तरी २०१२ साली चीनहून आयात केलेल्या सुमारे २३,००० गाड्यांत इंजिन आणि सायलेन्सरच्या गॅस्केटमध्ये तो सापडला आणि गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कागदावर 'अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त' असं लिहून आलेला माल! म्हणजे सांगलीकर शाईबद्दल बोलले ते काही विनोद नाही.

यावरून दुसरी आठवण. जुन्या जीपा करता ना पाना? सायलेन्सरच्या सांध्याचं पॅकिंग, हेड गॅस्केट, एक्झॉस्टजवळचा उष्णतारोधक पत्रा यांतही असू शकतं. जुनं गॅस्केट चिकटलं की आपण वायरब्रश लावून ड्रिल फिरवतो. तेही ओलं करून, हाताच्या खरवडणीने काढा.

चाकणचा सेफ्टीवाला

अमेरिकेची गंमत याहून वेगळी. तिथल्या पर्यावरण खात्याने १९८९ ला बंदी आणली, १९९१ ला न्यायालयाने तिचा बराचसा भाग उडवला, आणि बाजारात सुटे मिळणाऱ्या ब्रेकांसकट क्रिसोटाइलवर पुन्हा बंदीचा नियम आला तो मार्च २०२४ मध्ये. पस्तीस वर्षं! तोवर मेकॅनिकला वाचवलं ते ओल्या फडक्याने.

स्प्रेबद्दल एक राहिलं. ब्रेक क्लीनरचा डबा घेताना त्यात हेक्सेन आहे का बघा. कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षांपूर्वी मेकॅनिकांना त्यामुळे हातापायांना मुंग्या, अशक्तपणा, नसा निकामी होणं असं झालं होतं. धूळ टाळायला गेले आणि नसांवर आलं. शिवाय तापलेल्या ड्रमवर तो मारला तर पेट घेऊ शकतो. पेट्रोल-रॉकेलने शू धुण्याची सवय तर आगीला निमंत्रण, आणि लायनरने एकदा तेल प्यायलं की ब्रेक गेलाच. साबणपाणी बरं.

पोरांचा मास्तर (आयटीआय, मोटार मेकॅनिक)

पोरांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी वर्गात काय करतो ते सांगतो. सगळे दिवे बंद, पडदे ओढलेले. कोरड्या स्वच्छ ड्रममध्ये ट्यूबला लावायची पांढरी पावडर चिमूटभर टाकायची. एका पोराने हवा मारायची, दुसऱ्याने समोरून टॉर्च धरायचा. मग टॉर्च फिरवत पावडर कुठवर गेली ते बघायचं. गेल्या बॅचला ती जेवणाच्या डब्यांच्या फळीवर सापडली. त्यानंतर व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणि डबे कामाच्या जागेपासून लांब ठेवा. हात धुतल्याशिवाय मळलेली तंबाखूही नाही, हे पटवायला मला डब्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

वकिली नजर

कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कात धरला. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिले की कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायची. आजार आहे की नाही हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासायचं, आणि ठरलं तर लाखाची भरपाई. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीतही अ‍ॅस्बेस्टोसिस आहे.

निकाल चांगला, पण तो कारखान्यांचा. चार पोरांचं गॅरेज कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. तिथे तपासणीला कोणी येणार नाही. म्हणजे मालक जे करील तेच.

बारा-तेराचा पाना

सगळ्यांचे आभार. दीड महिन्यानं येतोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

हातपंप अडीचशेचा मिळाला, दोन आणले. शाम्पूच्या पुड्या. घमेली होतीच. ब्रेकच्या जागेवरची हवेची नळी काढून टायरच्या बाजूला नेली. हे सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, कारण हाताशी गन असली की हात जातोच. माझाही गेला, दोनदा, रिकामाच परत आला.

अडचणी सांगतो. पहिली, वेळ. एका चाकाला सात-आठ मिनिटं जास्त. दुसरी, गिऱ्हाईक. एकानं ओला ड्रम बघून आरडाओरडा केला, "गंज चढवला!" त्याला गाडीत बसवून चौकापर्यंत नेलं, चार ब्रेक मारले, परत आणून ड्रम दाखवला. पहिल्या दोन-तीन ब्रेकात वरचा गंज घासून जातो, पण ते तोंडानं सांगून पटत नाही. एक मात्र खरं, शू पूर्ण वाळल्याशिवाय बसवत नाही. आधी ड्रमं, मग बाकीचं काम, शेवटी जोडणी, असा क्रम लावला, तेव्हा वाळायला वेळ मिळतो.

तिसरी, कचरा. बांधलेल्या पिशव्या एका झाकणाच्या ड्रममध्ये साठवतोय, दीड महिन्यात दोन किलो पण भरला नाही. घातक कचऱ्याचं केंद्र रांजणगावला, ते माझ्या दोन किलोसाठी गाडी पाठवणार थोडीच. आमच्या पट्ट्यातल्या सहा गॅरेजवाल्यांना एकत्र करून काही जमतं का बघतोय.

मास्तरांचा टॉर्चचा खेळ एका रविवारी केला. पावडर माझ्या पावतीपुस्तकावर निघाली. धाकटं पोरगं तेव्हापासून इतरांवर ओरडतं, "ए, पाणी मार आधी!" सिगारेट अजून सुटलेली नाही, दिवसाला चारवर आलीय असं तो म्हणतो.

वडिलांचा एचआरसीटी झाला. केसपेपरवर डॉक्टर म्हणतात तसं लिहून घेतलं. छातीच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी आहे. घरी विडीचं बोलणं आता कोणी काढत नाही. ते रोज सकाळी शटरजवळ खुर्ची टाकून बसतात, आणि पोरगं हातपंप मारायला लागलं की खुर्ची थोडी मागे सरकवून घेतात.

सुटे भाग सांगली

पाना, गुरुवारी काय होतं ते कळवा. आणि या महिन्यात 'नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस' मागायला दोघं आले होते, दोघंही कराडकडचे. तुमचंच काम दिसतंय.

खडूस काका

तो शाम्पू कुठला घ्यायचा?

बारा-तेराचा पाना

दुकानात माळेला जो स्वस्त लटकतोय तो, काका. फक्त कमी टाका. मी पहिल्या दिवशी दोन पुड्या टाकल्या, तर घमेल्यात नुसता फेस आणि त्यात रिबिटं शोधत बसलो.